लाखोरीचा एक घास

मामा, तू आता माझ्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये आहेस. सगळा नाहीस. बाकीचा तू रामपायलीकडे, गावच्या नदीकाठी राख होऊन गेलास, पंचशील म्हणताना मीच पुढे उभी होते. पण ज्याच्या जोरावर तू जन्मभर सगळ्यांशी हुज्जत घातलीस तो मेंदू, आणि पाठीच्या मणक्यांतून जाणारी करंगळीएवढी जाड दोरी, एवढं माझ्याकडे आहे. पौषाच्या थंडीत शेकोटीपासून हलायला तू तयार नसायचास. आणि मी तुला कुठे ठेवलंय, तर बर्फालाही हुडहुडी भरेल अशा थंडीत.

बरणीवर तुझं नाव नाही. नाव लिहायचं नसतं, नियम आहे तसा. एक आकडा आहे. तो दिसला की मी फ्रीजचं दार लावून टाकते. माझे विद्यार्थी रोज विचारतात, मॅडम, कधी सुरू करायचं? परवा एकीवर मी खेकसले. बिचारीचं काय चुकलं? तुला गावाकडून आणून पंधरवडा उलटला तरी मी बरणी उघडत नाही, हे तिला विचित्र वाटणारच. तिला हे कुठे माहीत की तू शालिकमामा आहेस.

आणि तू मला कामही करू देत नाहीस. दुपारी सगळे जेवायला गेले की बाहेरच्या व्हरांड्यात आवाज येतो. ठक, सर्रर, ठक, सर्रर. तुझ्या दोन काठ्या, आणि त्यांच्या मागून फरशीवर घासत येणारी पायांची बोटं. मी दोनदा उठून पाहिलं. कोणी नव्हतं. मज्जातंतूंचा अभ्यास करणारी बाई आहे मी, कानात असे आवाज का येतात ते मी फळ्यावर आकृती काढून सांगू शकते. तरी दोन्ही वेळा उठले. तिसऱ्यांदा उठले नाही, तर आवाज दारापाशी येऊन थांबला.

"पुस्तकावानी काहून बोलून राह्यली वं?" असं म्हणशील आता. राहू दे मामा. नागपुरात इतकी वर्षं राहून जीभ अशीच झाली आहे. तुझ्यासमोर बसले की आपोआप 'मले' आणि 'तुले' यायचं, आपल्या बायकांसारखं 'येते'ऐवजी 'येतो' यायचं, आता समोर तू नाहीस.

तुझी गोष्ट मी वर्गात दर वर्षी सांगत आले, तुझं नाव न घेता. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातला एक तरुण. शेतमजूर. एक साल असं आलं की पावसानं दगा दिला, धान गेलं, आणि जे टिकलं ते फक्त लाखोरी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत, धानाच्या वावरात, फेकून द्यायची, नांगरणी नको की पाणी नको, दगडातून उगवेल अशी चिवट डाळ. मालगुजाराकडे, गावच्या जमीनदाराकडे, दिवसभर राबलं की मजुरीत तीच. मग सकाळी लाखोरीची भाकर, संध्याकाळी लाखोरीचं वरण, मध्ये भूक लागली तर लाखोरीच्या घुगऱ्या. असे कितीतरी महिने. मग एके दिवशी डोक्यावर भारा घेऊन बांधावरून येताना त्या तरुणाचे गुडघे एकदम वाकले. काही दिवसांत पाय ताठ झाले, एकमेकांवर कैचीसारखे चढले, टाचा उचलल्या गेल्या त्या उचलल्याच. पुढे जन्मभर तो चवड्यांवर, दोन काठ्यांवर चालला. इथे मी थांबते आणि मुलांना विचारते, सांगा, डाळीनं पायांचं काय केलं? मुलं पायांचं सांगायला लागतात. मी म्हणते, पायांना काहीच झालेलं नाही. जे झालं ते डोक्यात झालं.

हे तुलाही सांगितलं होतं मी. आठवतं? तू सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत होतास, तुझी बोटं काय सरसर चालायची, आणि मी नुकतीच नोकरीला लागले होते आणि सगळ्या जगाला शिकवायची हौस होती. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात ते बऱ्याचदा ग्लुटामेट नावाच्या एका पदार्थानं, मी सांगत होते. एक पेशी तो सोडते, दुसरीच्या अंगावर त्याच्यासाठी दारं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ग्लुटामेट दाराशी आला की दार उघडतं, निरोप आत जातो, दार लागतं. तू बोट हलवलंस, मला पाहून हसलास, काल काय खाल्लं ते तुला आठवलं, सगळं याच दारांतून. आणि लाखोरीत एक विष असतं, ते दिसायला हुबेहूब ग्लुटामेटसारखं. त्याला पाहून दार फसतं, उघडतं.

"मंग? उघडलं तं उघडलं."

"लागत नाही ना मामा मग. आपला दारुड्या पाहुणा नाही का दारात येऊन उभा राह्यते, ना आत येत, ना घरी जात? तसा तो दारात उभा राह्यते. दार उघडंच. बाहेरचं सारं आत घुसते, पेशी ओरडून ओरडून मरून जाते. तुह्या पायाले हुकूम देणाऱ्या पेशी तशाच मेल्या."

तू धागा दातानं तोडलास. "अन् हाताले हुकूम देनाऱ्या?"

"त्या वाचल्या."

"काहून?"

"ते माहीत नाही. कोणालेच नाही माहीत."

"मंग तुले पगार कायचा देतात वं?" असं म्हणून तू इतका हसलास की सूप मांडीवरून घसरलं आणि पारबता मामी आतून ओरडली.

पण तुला ते कधी पटलंच नाही. डाळीनं झालं हे तू मरेपर्यंत कबूल केलं नाहीस. गारठ्यात पाण्यात उभं राहून झालं म्हणायचास. लाखोरीवर कोणी बोट ठेवलं की चिडायचास. "त्या साली तिनंच जगवलं आमाले. धान आलं होतं का जगवाले?" आणि मला कळायचं की हेही खोटं नाही. जिनं पाय नेले तिनंच जीव राखला होता. माझ्या आकृतीत याच्यासाठी जागा नव्हती, अजूनही नाही.

दर वर्षी पीक निघालं की नागपूरच्या बसवाल्याच्या हाती एक पिशवी पाठवायचास. वर कापड शिवलेलं, मामीच्या हाताचे मोठे मोठे टाके. भरडून, पाखडून, स्वच्छ केलेली लाखोरी, भाचीला खायला. आणि मी ती पिशवी थेट प्रयोगशाळेत न्यायचे. दळायचे, त्यातलं विष काढायचे आणि ताटलीत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवर टाकायचे. बाजारातून विष विकत मिळतं, पण मला तुझ्याच बांधीतलं हवं होतं. त्यावर माझे दोन लेख छापून आले.

हे तुला आईनं सांगून टाकलं. माझी आई, तुझी थोरली बहीण, हिच्या पोटात कधी काही राहिलंय? मी गावी आले तर तू तोंड फिरवून बसला होतास.

"म्या तुले खायाले पाठोली, तू उंदराले देल्ली?"

"उंदराले नाही मामा. उंदराच्या पेशी होत्या."

"मेल्या का?"

"मेल्या."

"साऱ्या?"

"बहुतेक."

तू तोंड माझ्याकडे वळवलंस. मग म्हणालास, "मंग मी काहून नाही मेलो? माह्यात काय जास्तीचं हाये ते पाह्य ना. मेलेल्यायचं काय पाह्यतं?"

मामा, मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं, पण परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच होतं. कारण आमच्या सगळ्या विद्येचं घोडं तिथेच अडलं होतं. ही दारं बंद करणारी औषधं शोधायला सगळ्या जगानं जिवाचं रान केलं. लकवा मारतो तेव्हाही पेशी अशाच मरतात, ग्लुटामेटच्या पुरात. दार बंद करणारं औषध दिलं की उंदीर वाचायचे. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. मग माणसांना दिलं. कोणाला भलतेसलते भास होऊ लागले, कोणी गुंगीत पडलं, आणि कित्येकांना ते मिळेपर्यंत पेशी मरून गेलेल्या होत्या. बोलायचं, चालायचं, आठवायचं दारही तेच ना. ते पार लावून टाकलं तर माणूस जिवंत राहून आत अंधार. फेफऱ्यावर, विसरण्याच्या रोगावर अशी थोडकी औषधं हाती लागली. पण कोणतं दार, कोणत्या पेशीचं, किती वेळ लावायचं, हे कळलं पाहिजे. आणि ते उंदराला विचारून कळत नाही.

तुझ्यासाठी मी काय आणलं? पायांचा ताठा कमी करणारी गोळी. तीही दुसऱ्या कोणी शोधलेली. केवढ्या थाटात आणली होती! मामीला वेळा समजावल्या. दोन दिवसांनी मामीचा फोन, "तू देल्ली ते गोळी बंद केली बरं." पायांचा ताठा गेला, आणि तू ज्या ताठ्याच्या आधारावर उभा राहायचास तोच गेला. संडासाच्या वाटेवर पडलास. कपाळाला खोक. फोनवर तू मागून ओरडत होतास, "तिले सांग, पाय ढिल्ले झाले, आता डोकं ढिल्लं होयाची गोळी पाठोशीन का म्हना!"

तरी तू माझ्यावर खरा कधी रागावला नाहीस. एकाच गोष्टीवर रागवायचास.

तुझ्या घरी मी लाखोरी खायचे नाही. लहानपणी खाल्ली असेन, मला आठवत नाही. पण शिकल्यापासून नाहीच. माझ्यासाठी मामी वेगळं तुरीचं वरण लावायची. तू माझ्या ताटाकडे बघायचास आणि म्हणायचास, "एक घास खाय." मी नाही म्हणायचे. तू म्हणायचास, "एका घासानं मरत नाही कोनी." आणि ते खरंच होतं, मामा. मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. भाताबरोबर, भाजीबरोबर, अधूनमधून खाल्ली तर लाखोरीनं काही होत नाही. अजूनही चौकाचौकात तिची भजी तळतात, लोक खातात, धडधाकट चालतात. महिनोन्महिने दुसरं काही नसताना तीच खाल्ली तर पाय जातात. माझ्या पहिल्या लेखातलं पहिलं वाक्य तेच आहे. तरी घास घशाखाली उतरणार नाही हे मला ठाऊक होतं. ती डाळ पानात पडली की मला बांधावर वाकलेले तुझे गुडघे दिसायचे. मी तुझ्या बाजूनं तिच्यावर रागावलेली होते. तुला ते उलटंच लागायचं.

शेवटी एकदा तू बोललासच. ताट सरकवलंस आणि म्हणालास, "मालगुजार आमाले मजुरीत लाखोरी दे. त्याच्या घरी कधी शिजली नाही ते. त्याची बायको म्हने, हे बैलाचं खाजं. तूयी तशीच, सुजू. इथून घेऊन जातं, पन खात नाही."

मला इतका राग आला! मी म्हणाले, मी तुझ्यासाठी रात्रंदिवस राबते आणि तू मला मालगुजार म्हणतोस? आई मध्ये पडली, मामीनं तुला दटावलं. त्या दिवशी मी न जेवताच बालाघाटची बस धरली. आणि तरीसुद्धा सांगते, मी चुकले असं मी म्हणणार नाही. तू असतास तर आताही भांडले असते. तू नाहीस, म्हणून माझ्या बाजूचं भांडण नुसतं पडून आहे. घेणारं कोणी नाही.

मग मी ते मागितलं. या गेल्या दिवाळीच्या मागेपुढे, तुझ्या ओट्यावर. घरातले सगळे बाहेर जाईपर्यंत थांबले होते. मी म्हणाले, मामा, तुझ्यासारखा आजार झालेल्या माणसाचा मेंदू आणि पाठीचा कणा नीट तपासायला मिळाल्याचं जवळजवळ ऐकिवात नाही. लोक जगतात, म्हातारे होतात, गावातच जातात. हात का वाचले आणि पाय का गेले, वाचलेल्या पेशींच्या अंगावरची दारं वेगळी होती का, हे फक्त तिथेच दिसेल. तुला नाही उपयोग व्हायचा, मामा. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण ज्याला उद्या लकवा मारेल त्याला होईल कदाचित. तू गेल्यावर... एवढंच बोलले.

तू बिडी वळणं थांबवलं नाहीस. पान, जर्दा, धागा. "पाय दाळीनं नेले," म्हणालास, "आता डोकं तू नेशीन."

"नाही म्हण ना मग. सरळ नाही म्हण."

"डोकं नेल्यावर तोंड राहीन का जाग्यावर?"

"राहीन. मागून काढतात. शिवतात. दिसत नाही."

"पाहू," तू म्हणालास. आणि मग नदीपलीकडच्या कोणाच्या तरी म्हशीची गोष्ट काढलीस. मी तुला ओळखत होते. तू टाळत होतास, का माझी मजा बघत होतास, का मनात कुठेतरी खरंच घाबरला होतास? मला एवढंच हवं होतं की हो म्हण किंवा नाही म्हण. तुझ्या तोंडून. कारण तू न बोलता गेलास आणि मी ते घेतलं, तर तू मला जे म्हणाला होतास ते खरं ठरणार होतं. मजुरांकडून न विचारता घेणारे आपल्या गावानं पुष्कळ पाहिले. त्यांच्यात मला बसायचं नव्हतं.

आणि तू गेलास. सकाळी सकाळी मामीचा फोन आला. तिचा आवाज अगदी सपाट होता. "तुहा मामा गेला वं सुजू." मी काही बोलण्याच्या आत म्हणाली, "येतानी तुही ते बर्फाची पेटी आनजो."

"मामी, तो हो म्हणाला होता का?"

"पहिले ये तं."

पेटी आणली. आमच्या कॉलेजचे शवचिकित्सा करणारे डॉक्टर सोबत आले, परवानगीचे कागद महिन्यापूर्वीच करून ठेवले होते, मनाला लाज वाटत असताना करून ठेवले होते. बालाघाटात शवागाराची सोय केली होती. सगळ्या वाटेत डॉक्टर सांगत होते की जितका उशीर तितकं वाया जातं, थंडी आहे म्हणून बरं. मी हो हो म्हणत होते. धान निघालेल्या बांध्यांतून निळी फुलं दिसत होती. लाखोरी फुलावर आली होती.

अंगणात माणसं होती. तुला पांढऱ्या कापडावर ठेवलं होतं. आणि मामा, तू लांब दिसत होतास. मला आधी कळेना की काय वेगळं आहे. मग कळलं. तुझे पाय सरळ होते. शेजारी शेजारी, टाचा जुळलेल्या, तळवे उभे. सगळ्या आयुष्यात मी ते तसे पाहिले नव्हते.

मामी पायांशी बसली होती. "पाय पाह्य," मला म्हणाली. "पाह्यटे जीव गेला अन् कैची आपोआप सुटली. मीनं नुसता हात लावला, सरळ झाले. रोज तेल लावून लावून मी ताणत होती, कधी झाले नाही. आज झाले." बायका कपाळाला हात लावून तेच बोलत होत्या. कोणी म्हणालं, चमत्कार. कोणी म्हणालं, भोग सरला.

मला माहीत होतं काय झालं ते. मेंदूतून, कण्यातून येणारा गोंगाट थांबला. सगळी दारं एकदम लागली. ज्यासाठी इतकी माणसं इतकी वर्षं झटली ते, घरच्या अंगणात, फुकट झालं. आणि मामीनं जन्मभर तेल लावून शिरा आखडू दिल्या नव्हत्या, म्हणूनच ते पाय इतके सरळ होऊ शकले. हे मी मनात जुळवत उभी होते आणि तेव्हाच माझ्या पोटातून असं रडू फुटलं की डॉक्टरांनी पेटी खाली ठेवून मला धरलं. मामा, तू उंच होतास रे. मला माहीतच नव्हतं.

मामीनं मला रडू दिलं. मग उठली, हाताला धरून आत घेऊन गेली. चूल थंड होती. घरात मयत असताना पेटवत नाहीत, पाण्याशिवाय कोणी काही तोंडात घालत नाही, तुला माहीत आहे. चुलीच्या बाजूला एक गंज झाकून ठेवला होता. तिनं झाकण काढलं. आदल्या दिवशीचं लाखोरीचं वरण. वर साय धरलेली, लाल मिरची रुतून बसलेली.

"रातच्याला जेवला. हेच खाल्लं," ती म्हणाली. "तू दिवाळीले बोलून गेली, तवा त्यानं मले सांगून ठेवलं होतं. मी मेल्यावर सुजू येईन पेटी घेऊन. तिले म्हनजो, हौ. पन पहिले माह्या घरची लाखोरी खायाले लावजो. खाल्ली तं सारं नेऊ दे. नाही खाल्ली तं तिच्यात अन् मालगुजारात फरक काय?"

मी गंजापाशी बसले. दारात शेजारच्या आजी उभ्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं तसं त्या म्हणाल्या, "अव माय, पारबता, मयत अंगनात हाये!" त्यांची नात पुढे आली. "मामी, ये क्या कर रही हो? अभी खाना? लोग क्या बोलेंगे?"

"लोकायले बोलू दे," मामी म्हणाली. "हे त्याचं अन् तिचं हाये." आणि ती माझ्यासमोर खाली बसली, बिड्या वळायला तू बसायचास तशी, भिंतीला टेकून.

मामा, मी भाताशिवाय, भाकरीशिवाय, त्या थंड गंजात हात घातला. पहिला घास तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मला वाटलं, ओकेन आणि सगळं संपेल. मामी बघत होती. बाहेर बायकांचं रडणं थांबलं होतं, सगळ्या ऐकत होत्या. मग मी गिळला. लसूण होता, थोडा धुराचा वास होता, आणि खाली एक गोडसर चव होती, आपल्या मातीतल्या डाळीची, जी मी लहानपणी खाल्ली होती आणि मला आठवत नव्हती असं मी सगळ्यांना सांगत आले होते. आठवत होती. मी दुसरा घास घेतला. मग थांबताच येईना. रडत होते आणि खात होते. तू बरोबर म्हणत होतास, चांगली लागते. एवढं तरी तुझ्या तोंडावर म्हणायला हवं होतं मी, मेल्या, तुझी डाळ चांगली लागते.

मामीनं माझा हात धुतला. "ने आता," म्हणाली. मग दाराशी एकदम थांबली. "तोंड तं राहीन ना?"

"राहीन मामी."

राहिलं. बालाघाटहून संध्याकाळच्या आत तुला परत आणलं, मानेमागे टाके, वरून पांढरं कापड, चेहरा तसाच, भांडण जिंकल्यासारखा. पाय सरळ. तुझ्या चपला मामीनं मला दिल्या. पुढून पार झिजलेल्या आणि टाचेला नव्या कोऱ्या.

त्या चपला माझ्या टेबलाखाली आहेत. म्हणूनही असेल, आवाज येतो. मला घाबरवायला येतोस असं आधी वाटत होतं. आता कळतं, तू बघायला येतोस. ही नेऊन करते काय? का मालगुजारासारखी कोठारात टाकून बसली? मी बरणी उघडत नव्हते ते याच्याचसाठी. ज्या क्षणी पातं लावीन आणि काचेवर तुझा काप ठेवीन, त्या क्षणी तू माझा मामा राहणार नाहीस, आकडा होशील. आणि त्या कापात काही दिसलं नाही तर? तुझे हात का वाचले ते तिथेही नाही कळलं तर? कळेलच असं कोणी सांगितलंय? मला भीती वाटते, मामा. इतकी भीती मला कशाचीच कधी वाटली नाही.

काल पुन्हा बसवाल्यानं पिशवी आणून दिली. मामीचे मोठे मोठे टाके, आत घरात उरलेली गेल्या सालची लाखोरी. माझ्या विद्यार्थिनीनं सवयीनं विचारलं, मॅडम, ही दळायला टाकू? मी म्हटलं, हात लावू नकोस.

आज सकाळी ती भिजवली, पाणी टाकून दिलं, शिजवली. लसूण, लाल मिरची, सोबत भात. प्रयोगशाळेत खायला बंदी आहे, ती पाटी मीच लावली आहे, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले आहे. दुपार आहे, सगळे जेवायला गेलेत. मांडीवर ताट आहे. ठक, सर्रर, ठक, सर्रर. येऊ दे, ये. बस इथं, टेकून बस.

पहिले जेवतो मामा. मंग तुले उघडतो.